चोवीस तास, सोळाशे किलोमीटर आणि झोपेचा हिशेब

प्रतापगड म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जावळीचे खोरे उभे राहते. मी ज्या प्रतापगडाबद्दल लिहितो आहे, तो महाराष्ट्राच्या अगदी दुसऱ्या टोकाला, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. इथे महादेव आहे, ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा आहे आणि महाशिवरात्रीला दोन्हीकडे लोटणारी माणसे आहेत. आसपास इटियाडोह धरणाचे पाणी, नवेगावबांधचे जंगल आणि १९७२ पासून वसलेली तिबेटी लोकांची वसाहत. धानाच्या बांध्यांमधून आणि सागाच्या जंगलातून जाणारे रस्ते वळणावळणाचे आहेत आणि आता बऱ्यापैकी गुळगुळीतही झाले आहेत.

या रस्त्यांना अलीकडे नवे गिऱ्हाईक लाभले आहे. सुटीच्या दिवशी नवेगावबांधच्या बाजूला चहाच्या टपरीवर दहा-बारा जड मोटारसायकली ओळीने उभ्या दिसतात. जाड जाकिटे, गुडघ्यांना ढाली, हेल्मेटवर चिकटवलेला कॅमेरा. टपरीवाला खूश असतो, कारण ही मंडळी पैसे मोजताना घासाघीस करीत नाहीत. माझ्या पिढीतले लोक यांच्याकडे पाहून मान हलवतात आणि 'बापाचा पैसा' म्हणून मोकळे होतात. मला तसे वाटत नाही. त्यांच्यातली बरीच पोरे स्वतःच्या पगारातून हप्ते भरणारी असतात. हप्ते भरणारा माणूस मला ओळखू येतो. पस्तीस वर्षे मी त्यांच्यासमोर बसलो आहे.

त्यांच्यापैकीच एक आमच्या तालुक्यातला, नागपुरात नोकरी करणारा. मागे तो मला एक प्रमाणपत्र दाखवायला घेऊन आला. चोवीस तासांच्या आत एक हजार मैल, म्हणजे १६०९ किलोमीटर, मोटारसायकल चालवल्याचे ते प्रमाणपत्र होते. अमेरिकेत 'आयर्न बट असोसिएशन' नावाची संस्था आहे. ती हे देते. या सफरीला 'सॅडल सोअर' म्हणतात. मराठीत सांगायचे तर बुडाला फोड आणणारी सफर! भारतातही हौशी मोटारसायकलवाल्यांत तिचे मोठे आकर्षण आहे. नागपूरहून निघून हैदराबाद, बंगळूर मागे टाकत मदुराईच्याही पुढे जावे, तेव्हा हे अंतर भरते.

"झोपलास कुठे?" मी विचारले.

"झोपाले वेळच कुठं होता जी काका? कर्नूलच्या पुढं एका पंपावर टेबलावर डोकं टेकलं पंधरा मिनिटं. बस."

तो हे अभिमानाने सांगत होता आणि त्याचा अभिमान खोटा नव्हता. एवढे अंतर एका दमात कापायला शरीर लागते, मन लागते, गाडीची जाण लागते. मी त्याचे अभिनंदन केले. पण तो गेल्यावर सवयीने कागद-पेन्सिल घेतली आणि हिशेब मांडला. वाचकांनीही तो मांडून पाहावा.

१६०९ किलोमीटरला चोवीसने भागले की ताशी ६७ येतात. ऐकायला हे काही भयंकर नाही. पण यात झोप नाही, जेवण नाही, पेट्रोल नाही. माणूस सहा तास झोपला आणि पेट्रोल, जेवण, नैसर्गिक विधी यांत दोन तास गेले असे धरा. उरतात सोळा. मग सरासरी ताशी शंभर किलोमीटर ठेवावी लागते. सरासरी शंभर म्हणजे मधून मधून एकशेवीस-तीस. आता दुसऱ्या बाजूने पाहा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे मोटारसायकलला चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर ताशी ८० आणि इतर रस्त्यांवर ६० ही कमाल मर्यादा आहे. अगदी सलग ऐंशीने, एकदाही ब्रेक न लावता गेले तरी वीस तास खोगिरावर बसावे लागते. आपल्या रस्त्यांवर सलग ऐंशी कोण ठेवील? म्हणजे कायदा पाळायचा तर झोप मोडते आणि झोप घ्यायची तर कायदा मोडतो. तिसरी वाट या गणितात नाही.

संस्थेवर अन्याय नको. थकलात तर थांबा, विश्रांती घ्या, ही शर्यत नव्हे, असे ती स्वतःच बजावते. पुरावा म्हणून पेट्रोलपंपाच्या पावत्या मागते. त्यांवरची वेळ आणि ठिकाण ताडून पाहते. आम्ही बँकेत व्हाउचर तपासत असू तसलाच हा प्रकार, आणि तो चोखपणे होतो असे ऐकतो. पण पावतीवर पेट्रोल किती भरले ते लिहिलेले असते, डोळे किती मिटत होते ते नसते. शिवाय हे गणित बसवले गेले ते अमेरिकेतल्या रस्त्यांवर, जिथे शेकडो मैल आडवे गुरू येत नाही आणि उलट्या दिशेने ट्रॅक्टर येत नाही.

झोपेबद्दल विज्ञान काय म्हणते ते एकदा पाहिले पाहिजे. १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. सतरा तास जागे असलेल्या माणसाच्या हाता-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका बिघडतो आणि चोवीस तास जागरणानंतर तो ०.१० टक्क्यांच्या आसपास जातो, असे त्यांनी दाखवून दिले. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला मद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे एक थेंबही न घेतलेला आमचा हा गुणी पोरगा शेवटच्या टप्प्यात दारू प्यालेल्या माणसासारखा गाडी हाकत होता. त्याला पकडायला पोलिसांकडे कुठली नळी नाही. ताशी नव्वदच्या वेगात तीन सेकंद डुलकी लागली तर गाडी पंचाहत्तर मीटर जाते. गावच्या शाळेपुढचा रस्ता साधारण तेवढाच असतो.

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हे सगळे काही शर्यतखोर नव्हते; बहुतेक जण कामावर, बाजाराला, लग्नाला निघालेले होते. पण ज्या रस्त्यावर आधीच एवढी माणसे मरतात, त्या रस्त्यावर हौसेखातर आणखी धोका घेऊन उतरताना खेळाचे नियम कसे आहेत हे विचारणे समाजाचे काम ठरते.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १८९ सांगते की राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी मोटारींची शर्यत किंवा वेगाची चढाओढ घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. ठीक. पण एकट्याने केलेली सफर ही दोन गाड्यांमधली शर्यत होत नाही, तेव्हा ती या कलमात सापडत नाही. एस.टी.च्या ड्रायव्हरसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा होता: दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. पोटासाठी गाडी हाकणाऱ्याला घड्याळ आहे. हौसेसाठी हाकणाऱ्याला नाही.

आणि आमच्या बैलालाही आहे! ही गंमत झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांना नीट सांगितली पाहिजे. पूर्व विदर्भात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. धान निघाले की गावोगाव पट भरतो. धुरकरी जोडी हाकतो, सेकंदांचा फरक मोजला जातो, पाहुणेरावळे येतात, आणि त्या रात्री गावात झाडीपट्टीचे नाटक असते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली. गावे हळहळली. पट बंद झाला म्हणजे पाहुणा यायचा थांबला आणि चांगल्या खोंडाची किंमतही उतरली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला आणि नियम केले. ते न्यायालयात अडकले. अखेर १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला.

या सात-आठ वर्षांच्या भांडणातून काय निघाले? नियम निघाले. धाव एक हजार मीटरच्या आत. आधी जनावरांच्या डॉक्टरची तपासणी. काठी नाही, चाबूक नाही, उत्तेजक नाही. धावांच्या मध्ये विश्रांती. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, आयोजकांची अनामत, शर्यतीचे चित्रीकरण. प्रत्येक पटावर हे सगळे तंतोतंत पाळले जाते असे छातीवर हात ठेवून मी म्हणणार नाही. पण मोडला तर बोट दाखवायला नियम आहे आणि तो गावातल्या पोराटोरांनाही तोंडपाठ आहे. बैलाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या दमाची मर्यादा दुसऱ्या कुणी तरी ठरवली. माणसाला बोलता येते आणि तेच त्याच्या मुळावर आले आहे. 'मी थकलो नाही' असे तो सांगतो आणि आपण ते खरे मानतो.

दमाच्या शर्यतीत माणसाने किती वेळ गाडीवर बसावे, हा प्रश्न नवा नाही. फ्रान्समध्ये 'बोल दॉर' ही चोवीस तासांची मोटारसायकल शर्यत १९२२ साली सुरू झाली. तेव्हा नियम असा, की एकाच माणसाने पूर्ण चोवीस तास चालवायचे. जवळजवळ तीस वर्षे हा हट्ट चालला. १९५४ पासून एका गाडीला दोन स्वार मिळाले, पुढे तीन झाले. आज जागतिक दर्जाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तिघे आळीपाळीने बसतात. एक चालवतो तेव्हा बाकीचे दोघे पडून राहतात. शर्यतीचा दम त्याने कमी झाला का? उलट वेग वाढला, कारण ताजा माणूस बसतो. म्हणजे युरोपातल्या व्यावसायिकांनी जी गोष्ट सत्तर वर्षांपूर्वी सोडून दिली, ती आमचे हौशी स्वार शौर्य म्हणून जवळ करीत आहेत, आणि तीही बंदिस्त मार्गावर नव्हे, ट्रकांच्या रांगेतून.

डाकार रॅलीचे नाव वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना माहीत असते. १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून पहिल्यांदा निघालेली ही वाळवंटातली शर्यत माणसे खाणारी म्हणूनच प्रसिद्ध झाली. तिचा संस्थापक तिएरी साबीन हा १९८६ च्या शर्यतीत हेलिकॉप्टर कोसळून गेला. २००५ मध्ये दोन मोटारसायकलस्वार गेले, २००६ मध्ये रस्त्याकाठची दोन लहान मुले गेली. त्या काळात आयोजकांना नियम बदलावे लागले: मोटारसायकलींना वेगाची मर्यादा आली, गावांतून जाताना वेगळी मर्यादा आली आणि ती मोडली की गाडीवरचे यंत्रच चहाडी करू लागले. पेट्रोल भरायच्या ठिकाणी मोटारसायकलस्वाराने सक्तीने पंधरा मिनिटे थांबायचे आणि ती मिनिटे शर्यतीत धरायची नाहीत, असा नियम आहे. मला हा नियम सगळ्यांत आवडतो. थांबणाऱ्याचे नुकसान होत नाही, म्हणून प्रत्येक जण थांबतो.

२०२४ च्या डाकारमध्ये तर त्यांनी अठ्ठेचाळीस तासांचा एक टप्पा ठेवला होता. दुपारी चार वाजले की जो जिथे असेल त्याने पुढच्या तळावर थांबायचे, तंबू ठोकायचा, दिले तेवढे खायचे आणि सकाळी पुन्हा निघायचे. दम पुरता निघाला, पण रात्रीचा प्रवास नाही. त्याच वर्षी केरळचा हरित नोहा 'रॅली टू' या वर्गात पहिला आला. भारतीय म्हणून आपल्याला आनंद झाला आणि तो होणे साहजिक होते. त्याच्या आधी २०१५ मध्ये बंगळूरचा सी. एस. संतोष ही शर्यत पुरी करणारा पहिला भारतीय ठरला होता, आणि २०२१ मध्ये तोच सौदी अरेबियात पडून कित्येक दिवस बेशुद्ध होता. तिथे त्याला उचलायला हेलिकॉप्टर होते. कर्नूलच्या पुढच्या पंपाजवळ आमच्या पोरासाठी काय होते?

मग हौशी लोकांनी काय करावे? गाड्या विकून टाकाव्यात असे मी म्हणत नाही. तसे म्हणणारे लोक पोरांना आणखी चेव आणतात. मला वाटते, दमाच्या शर्यतीचा घाटच बदलायला हवा. आज 'कमी वेळात जास्त अंतर' याला बक्षीस आहे. त्याऐवजी 'ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या चालीने आणि ताज्या डोळ्यांनी' याला बक्षीस हवे. यासाठी नवीन शोध लावायला नकोत. सायकलवाल्यांनी ते करून ठेवले आहे.

'ओडॅक्स' पद्धतीच्या सायकल सफरी आता महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांतून होतात. दोनशे किलोमीटरसाठी साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. वाटेत नाके असतात. नाका ठरावीक वेळेला बंद होतो हे तर आहेच, पण तो ठरावीक वेळेच्या आधी उघडतही नाही. ठरल्यापेक्षा जोरात आलेल्या शूराला नाक्यावर ताटकळत बसावे लागते. आणि शेवटी नंबर नाहीत! पहिला-दुसरा कोणी नाही. सगळ्यांना सारखेच पदक. नंबर नसला तर कोण येईल, असे कुणालाही वाटेल. पण याच पद्धतीने भरणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या बाराशे किलोमीटरच्या सफरीला दर चार वर्षांनी जगभरातून हजारो माणसे जातात. ती १८९१ साली शर्यत म्हणूनच सुरू झाली होती. हौशी लोकांची ही सफर १९३१ पासूनची.

मोटारींच्या जगातही असा प्रकार आहे. वेळ, वेग आणि अंतर यांचे गणित जमवण्याची रॅली. १९९९ पासूनच्या 'रेड डी हिमालय'मध्ये जिवावर उदार होणाऱ्यांसाठी एक गट आणि या गणितवाल्यांसाठी दुसरा गट होता. स्वाराला वाटेचा नकाशा देतात आणि प्रत्येक टप्प्याला सरासरी चाल ठरवून देतात, समजा ताशी पस्तीस. वाटेत कुठे तरी, न सांगता, घड्याळवाला माणूस झाडाआड बसलेला असतो. ठरल्या क्षणी तुम्ही त्याच्यासमोरून गेलात तर शून्य दंड. उशीर झाला तर दंड आणि लवकर आलात तर त्याहून जास्त दंड. वेगाची हौस इथे थेट गुणांतून वजा होते. हा खेळ मिळमिळीत आहे असे ज्यांना वाटते त्यांनी तो एकदा खेळून पाहावा. कच्च्या वाटेवर, धुळीत, मनातल्या मनात भागाकार करीत सेकंद सांभाळणे म्हणजे काय ते कळेल. निम्मी पोरे तिथेच गारद होतील, आणि कुणाला खरचटणारही नाही.

मी त्या प्रमाणपत्रवाल्या पोराला हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे लवकर पोचलं तं दंड? मंग मधात करायचं काय जी?"

"चहा प्यायचा. नाही तर लोळायचं."

त्याला ते पटले असे वाटले नाही. पण त्याने पस्तीसच्या चालीने नवेगाव ते अर्जुनी किती मिनिटे लागतील हे तोंडी सांगायचा प्रयत्न केला आणि चुकला. मग पुन्हा केला. मला वाटते, तिथे त्याला खेळ सापडला.

आता आमच्या भागापुरते बोलतो, कारण नियम हवेत लिहून चालत नाहीत. रस्ता पाहून लिहावे लागतात. गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात २०२३ च्या ऑगस्टमध्ये रात्री एका मोटारीच्या धडकेने वाघ गेला. जखमी वाघ रस्त्याकडेला घसटत जातानाची चित्रफीत देशभर पाहिली गेली. नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि त्याचे जंगल तुकड्यातुकड्यांत रस्त्यांनी कापलेले आहे. तेव्हा इथे जी काही मोटारसायकल फेरी व्हायची ती सूर्यास्ताला थांबली पाहिजे, वाघासाठीही आणि माणसासाठीही. संध्याकाळी पाच वाजता घड्याळे बंद. रात्रीचा मुक्काम गावात, आणि तो सक्तीचा. समजा दोन दिवसांची फेरी असली तर रोज अडीचशे किलोमीटर पुरे. एका गाडीला दोघे, आळीपाळीने. दर दीड तासाने पंधरा मिनिटांची गणतीबाहेरची विश्रांती. पहाटे निघण्याआधी डॉक्टरने नुसता रक्तदाब पाहू नये, रात्री किती झोपलास तेही विचारावे आणि चेहरा पाहावा. गावातून जाताना ताशी तीस; एकदा मोडला तर दंड, दुसऱ्यांदा मोडला तर घरी. यात दयामाया नको. पटात काठी मारणाऱ्या धुरकऱ्याला जसे बाहेर काढतात, तसेच.

एक जादा नियम माझ्या मनातला आहे. तो बहुधा कुणा तज्ज्ञाला पसंत पडणार नाही. आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, 'किती देते?' लिटरला किती किलोमीटर जाते, हा मध्यमवर्गाचा राष्ट्रीय प्रश्न आहे. मग त्यालाच गुण का देऊ नयेत? सुरुवातीला टाकी भरून सील करावी, शेवटी मोजावी. जो कमी पेट्रोलमध्ये आला त्याला वरचे गुण. जोरात गेला तर पेट्रोल जास्त लागते, उगाच ब्रेक मारले तरी जास्त लागते. सावध, सलग, समजुतीने चालवणारा माणूस यात आपोआप वर येतो. आणि मुख्य म्हणजे शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या गाडीवर दूध आणि खताची पोती वाहणारा पोरगा तीन लाखांच्या गाडीवाल्याच्या बरोबरीने बसतो. हौशी शर्यत खरोखर हौशी राहायची असेल तर ती अशी ऐपतीच्या खाली आणली पाहिजे. डाकारमध्येही मदतनीसाशिवाय, एकाच पेटीत सामान घेऊन, स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करीत जाणाऱ्यांचा एक वेगळा वर्ग आहे, आणि जाणकार लोक त्यांना सर्वांत मान देतात.

ज्यांना चाकाला चाक लावूनच पळायचे आहे त्यांच्यासाठी बंदिस्त मार्गाशिवाय दुसरी जागा नाही. चेन्नईजवळ, कोइमतूरला, दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर ते होते. २०२३ च्या सप्टेंबरात बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली. गोंदियाहून हे सारे लांब आहे हे खरे. पूर्वी मद्रासला शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर शर्यती होत. आमच्या बिरसीलाही इंग्रजांच्या काळची धावपट्टी आहे, पण तिथे आता विमाने उतरतात आणि त्याचाच आम्हाला जास्त अभिमान आहे!

यावर एक आक्षेप हमखास येईल: इतके नियम लावले तर पोरे परवानगी न घेताच पळतील. येईल कशाला, तशी ती आजही पळतातच. नाटकाच्या रात्री झाडीपट्टीत हिंडून पाहावे. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. मग एकेका गाडीवर तिघे तिघे, डोळ्यांत झोप घेऊन, पंधरा-वीस किलोमीटरवरच्या गावी निघतात आणि मोकळा रस्ता दिसला की पैज लावतात. त्यांना ना प्रमाणपत्र ठाऊक, ना ओडॅक्स. नियमांची शर्यत त्यांच्या गावावरून गेली, झोपलेल्याला गुण आणि घाई करणाऱ्याला दंड मिळताना त्यांनी चव्हाट्यावर उभे राहून पाहिले, तर निदान एक निराळा नमुना त्यांच्या डोळ्यांसमोर येईल. व्याख्यानाने हे होत नाही. रस्ता सुरक्षा सप्ताहाची व्याख्याने मी पुष्कळ ऐकली आहेत, दोन-तीन दिलीही आहेत.

पैशाची बाजू सांगून थांबतो. तो माझा जुना धंदा. नव्वदच्या दशकात एका ग्रामीण शाखेत दुचाकीच्या कर्जाच्या फायली माझ्या टेबलावरून जात. एके दिवशी एक शेतकरी धान विकून आलेल्या नोटा धोतराच्या गाठीतून काढून मोजू लागला. मुलाच्या गाडीचे उरलेले हप्ते एकदम भरायचे होते. मुलगा पैजेत गेला होता. गाडी भंगारात गेली होती. कर्ज मात्र शाबूत होते, कारण कर्जाला अपघात होत नाही. विम्याची पॉलिसी त्याने सोबत आणली होती आणि ती कुणी तरी वाचून सांगावी अशी त्याची अपेक्षा होती.

त्या कागदावर जे छापलेले होते ते आजही मोटार पॉलिसीवर छापलेले असते: संघटित शर्यती, वेगाच्या चाचण्या, गाडीच्या टिकाऊपणाच्या चाचण्या यांसाठी वापर झाल्यास संरक्षण नाही. हौशी स्वारांपैकी किती जणांनी ही ओळ वाचली आहे? टिकाऊपणाच्या चाचण्या आणि रॅलींसाठी जादा हप्ता भरून पुरवणी घेता येते. पण ती मागावी लागते, आणि मागायची तर स्पर्धा कुणाची, मार्ग कोणता, तारीख कोणती हे कागदावर सांगावे लागते. म्हणजे विमा हवा तर आधी आयोजक हवा, आयोजक हवा तर परवानगी हवी, परवानगी हवी तर नियम हवेत. मोटार क्रीडा महासंघाची मान्यता, राज्य शासनाची संमती, वनखात्याचे पत्र, वाटेवरच्या ग्रामपंचायतींचे ठराव, एक रुग्णवाहिका आणि प्रत्येक स्वाराची पुरवणी पॉलिसी असा हा गठ्ठा होईल. शंकरपटाच्या समित्या आता असे गठ्ठे जमवायला शिकल्या आहेत. एखाद्या गावच्या पट समितीने पुढच्या हंगामात बैलांच्या दिवसाला जोडून हा एक मोटारसायकलींचा दिवस घ्यावा. मैदान, माणसे, घड्याळे आणि ध्वनिक्षेपक आयते आहेत.

हंगाम मात्र डिसेंबर-जानेवारीचाच धरावा लागेल. एप्रिलनंतर आमच्या उन्हात जाकीट घालून कुणी गाडीवर बसू शकत नाही. आणि त्या थंडीच्या दिवसांत नवेगावच्या तलावाच्या बाजूला सकाळी उशिरापर्यंत धुके असते, बैलगाडी समोर आल्याशिवाय दिसत नाही. म्हणून पहिली गाडी साडेआठच्या आधी सोडू नये.